हजेरीपटातली नावं, दगडावरची नावं

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे: गावाबाहेरची एका खोलीची जुनी शाळा, तिला लागून असलेली दफनभूमी आणि या दोन्हींबद्दल सांगू शकणारी, आता मोजकीच उरलेली माणसं. सगळ्याच पत्रांना लागू पडेल अशी एक गोष्ट आधी सांगून टाकतो. शाळेची नोंद आणि दफनभूमीची नोंद ही दोन कामं समजू नका. हजेरीपटात एखाद्या महिन्यानंतर दिसेनासं झालेलं नाव पुष्कळदा कुंपणापलीकडच्या दगडावर भेटतं. दगडावरचं जे अक्षर झिजलंय, ते हजेरीपट भरून देतो.

प्रश्न : शाळेत शिकलेले चार-पाच जण आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. पण 'शाळेबद्दल सांगा' म्हटलं की 'तेव्हाचे दिवस वेगळे होते' यापलीकडे काही मिळत नाही. काय विचारावं?

प्रश्न मोठा ठेवला की उत्तर गुळगुळीत येतं. त्यामुळे बोलायच्या आधी चित्र काढून घ्या. कोरा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवा, एक मोठा चौकोन काढा आणि म्हणा, "ही खोली. दार कुठे होतं?" मग खिडक्या, फळा, गुरुजींची जागा, पिण्याचं पाणी, दप्तरं टेकवायची भिंत, आणि शेवटी "तुम्ही कुठे बसायचात?" बसायची जागा सापडली की शेजारी कोण होतं ते आठवतं. शेजारी आठवला की त्याचं काय झालं, हेही आठवतं. हात कागदावर फिरत असताना जे बोललं जातं ते सरळ मुलाखतीत क्वचितच निघतं. म्हणून मुद्रण चित्र काढण्याच्या आधीच सुरू करा.

खिडकीचा प्रश्न फालतू वाटेल, पण तो विचाराच. जुन्या शाळा बांधताना उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा असं पाहत, कारण उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या पाटीवर मग त्याच्याच हाताची सावली पडत नाही. खिडक्या कुठल्या भिंतीला आहेत हे कळलं की मुलांची तोंडं कुठल्या दिशेला होती आणि फळा कुठे असावा, याचा अंदाज बांधता येतो. इमारत पडली असली आणि नुसता पाया उरला असला, तरी ही खूण उपयोगी पडते.

दुसरा हमखास प्रश्न: "तुम्हाला अक्षरं कोणी शिकवली?" गुरुजींचं नाव येईल असं वाटतं, आणि येतं एखाद्या थोरल्या मुलाचं किंवा मुलीचं. एकाच खोलीत चार-पाच इयत्ता असल्या की थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचं, ही रीत अशा शाळांचा कणाच होती. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत ती पद्धतशीर चालवली, १७९७ साली तिच्यावर पुस्तिका छापली, आणि पुढे ती जगभर पसरली. तेव्हा आठवणी गोळा करताना गुरुजींइतकंच या थोरल्या मुलांबद्दलही विचारा. त्यांची नावं नोकरीच्या कुठल्याही दप्तरात सापडणार नाहीत.

दफनभूमीचे प्रश्न शेवटी ठेवा आणि तेही साधे ठेवा. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर आणायला कोण जायचं? अंत्ययात्रा आली की शाळा थांबायची का? मुलं कुठल्या वाटेने जायची आणि कुठली टाळायची? वर्गातलं कोणी तिथे आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा. दहा-पंधरा सेकंद शांतता गेली तरी मध्ये बोलू नका.

आणखी एक विचारायला हवं, अवघड असलं तरी. आत कोण बसायचं आणि दाराबाहेर कोणाला बसवलं जायचं? कुंपणाच्या आत कोणाला पुरलं आणि बाहेर कोणाला? ही दोन उत्तरं शेजारीशेजारी लिहा. ज्या आठवणीत हे नाही ती आठवण अर्धी आहे.

प्रश्न : साध्या फोनवर मुद्रण चालेल का?

चालेल. फोन विमान मोडवर टाका. टेबलावर नुसता ठेवलात तर पेला ठेवल्याचा आवाजसुद्धा हातोड्यासारखा उमटतो, म्हणून खाली चार घड्यांचं कापड घ्या. बोलणाऱ्यापासून अंतर दीड-दोन वितींचं असू द्या. पंखा बंद करा. ॲपमध्ये सोय असेल तर डब्ल्यूएव्ही (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. एका वाहिनीवर तासाला साधारण ५०० एमबी जागा लागेल. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोला, आणि सर्वांत शेवटी काही न बोलता अर्धा मिनिट खोलीचा आवाज घ्या. पुढे कोणाला खरखर काढायची झाली तर तो तुकडा लागतो. एका बैठकीला पाऊण तास पुरे. त्याच रात्री तीन प्रती करा. त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.

प्रश्न : दोन बहिणी एकाच शाळेच्या, पण एक म्हणते छप्पर उडालं ते वादळात, दुसरी म्हणते आधीच काढलं होतं. सालही जुळत नाही. कोणाचं खरं मानायचं?

लगेच कोणाचंच नाही. दोन्ही जसंच्या तसं लिहून ठेवा, आणि कोणी काय म्हटलं तेही. माणसाला साल चुकतं, क्रम सहसा कमी चुकतो. म्हणून "कुठल्या साली?" ऐवजी "धाकटा भाऊ झाला होता का तोवर?", "तुम्ही कितवीत होतात?", "तो मोठा पूर आधीचा की नंतरचा?" असं विचारा. एक पक्की तारीख मिळाली की बाकीच्या तिच्या आधी-नंतर लावता येतात.

आणि दोघींना एकत्र बसवायची घाई करू नका. एकत्र बसले की मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते, आणि पुढच्या खेपेला धाकटी बहीण थोरलीचीच वाक्यं स्वतःची म्हणून सांगते. यात लबाडी नसते, आठवण अशीच चालते. आधी वेगवेगळं मुद्रण करा. एकत्र बैठक नंतर, आणि तिची फाइलही वेगळी.

प्रश्न : दफनभूमीतले बरेच दगड वाचता येत नाहीत. अक्षरांत खडूची पूड किंवा पीठ भरलं की वाचता येतं असं ऐकलं. करावं का?

करू नका. पीठ दगडाच्या छिद्रांत राहतं, ओल धरतं आणि त्यावर बुरशी वाढते. खडू घासताना झिजलेला पृष्ठभाग आणखी झिजतो. काही जण दाढीचा फेस लावतात. त्यातली आम्लं आणि स्निग्ध द्रव्यं नुसत्या पाण्याने पूर्ण निघत नाहीत. कागद ठेवून वर रंगकांडी घासण्याची पद्धतही पोकळ झालेल्या दगडावर नको. बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहा. 'टण्' वाजला तर दगड घट्ट आहे, 'डब' असा बसका आवाज आला तर वरचा थर सुटलाय, त्याला हात लावू नका.

वाचायला लागतो तिरका उजेड, दुसरं काही नाही. दगडाचा चेहरा सावलीत असताना एकाने हातभर किंवा त्याहून मोठा आरसा घेऊन बाजूला उन्हात उभं राहायचं आणि ऊन दगडावर असं फेकायचं की ते पृष्ठभागाला जवळजवळ चाटून जाईल. समोरून टाकलेल्या उजेडात खोदकाम सपाट दिसतं. बाजूने टाकला की प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली धरते आणि ओळ उमटून येते. आरसा हळूहळू फिरवा: आडव्या रेघांसाठी उजेड वरून, उभ्यांसाठी बाजूने. एका फोटोत सगळी अक्षरं येणार नाहीत. फोन तिकाटण्यावर पक्का ठेवून, त्याच जागेवरून, उजेड वेगवेगळ्या बाजूंनी टाकत पाच-सहा फोटो घ्या. आरसा नसेल तर संध्याकाळी विजेरी दगडाच्या कडेला टेकवूनही हेच होतं.

एवढ्याने भागलं नाही तर दगड घट्ट असल्याची खात्री करून त्यावर स्वच्छ पाणी फवारा आणि थांबा. उघडा पृष्ठभाग आधी वाळतो, खाचा ओल्या राहतात, आणि त्या मधल्या काही मिनिटांत अक्षरं गडद दिसतात. कॅमेरा तयार ठेवा.

उतरवून घेताना अक्षराला अक्षर, ओळीला ओळ. कोरणाऱ्याची शुद्धलेखनाची चूक तशीच ठेवा. अंदाजाने भरलेलं अक्षर चौकोनी कंसात, न लागलेलं प्रत्येक अक्षर एका टिंबाने. झिजलेल्या नागरी अंकांत १ आणि ९ यांची गल्लत सर्वाधिक होते, रोमनमध्ये 1, 4 आणि 7 यांची. खात्री नसेल तर दोन्ही वाचनं लिहा.

प्रश्न : शेवाळ आणि दगडफूल काढून दगड स्वच्छ करण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी श्रमदान ठरवलंय. ब्लीच आणि तारेचे ब्रश आणले आहेत. पडलेले दगड सिमेंटने उभे करायचेही ठरलंय.

ब्लीच आणि तारेचे ब्रश परत करा, आणि सिमेंटचं पोतं उघडू नका. ठरवणाऱ्यांची माया कळते, पण बऱ्याच दफनभूम्यांचं सर्वांत मोठं नुकसान अशाच एखाद्या रविवारी झालेलं असतं.

ब्लीचमधले क्षार दगडात मुरतात. पाणी वाळताना त्यांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात आणि वरचा थर आतून फोडून काढतात. दगड त्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो, भुकटी काही वर्षांनी पडायला लागते. संगमरवर आणि चुनखडक यांना कुठलंही आम्ल लावलं की दगडच विरघळतो, मग ते स्वयंपाकघरातलं लिंबू-व्हिनेगर का असेना. तारेचा ब्रश ओरखडे पाडतो आणि मागे राहिलेले लोखंडाचे कण गंजून डाग पडतात. पाण्याचा जोरदार फवारा मारणारं यंत्रही नको.

स्वच्छता करायचीच असेल तर साहित्य एवढंच: भरपूर साधं पाणी, मऊ नायलॉनचे किंवा नैसर्गिक केसांचे ब्रश, बांबूच्या चपट्या काड्या. आधी बोटाने दगड चाचपा. साखरेसारखे कण हाताला लागले, पापुद्रे सुटत असले किंवा चीर दिसली, तर तो दगड सोडून द्या. घट्ट असेल तर पूर्ण भिजवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, दगडफूल फुगून सैल होतं. मग खालून वर, लहान गोलाकार हात फिरवत घासा आणि घासताना सतत पाणी सोडत राहा. वरून सुरू केलं तर मळकं पाणी कोरड्या भागावर उतरून पट्टे उमटतात. काडीने निघतं तेवढंच काढा. जे चिकटून बसलंय त्याचे तंतू दगडाच्या कणांत गेलेले असतात, ओढलं तर अक्षरही सोबत येतं. आधी प्रत्येक दगडाचा फोटो, आणि पहिला प्रयोग मागच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेवर.

वाढलेली झुडपं उपटू नका. मुळं दगडाखाली असतात, उपटताना पायाच हलतो. बुंध्याशी कापा. गवत कापायचं दोरीचं यंत्र दगडाच्या जवळ नेऊ नका, तो वीतभर पट्टा कात्रीने काढा.

पडलेल्या दगडाचं गणित करून पाहा. ९० सेंटिमीटर उंच, ४५ रुंद आणि साडेसात जाड एवढा साधा संगमरवरी दगड ८० किलोच्या वर भरतो. झुकलेल्या दगडाला मुलांना टेकू देऊ नका, आणि तो एकट्या-दुकट्याने उचलू नका. पडलेला असेल तर फोटो आणि जागेची मोजमापं घेऊन तसाच राहू द्या. लेखाची बाजू वर असेल तर पाणी साचणार नाही एवढं पाहा. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर सोडत नाही. दगड फुगतो-आकसतो, सिमेंट हलत नाही, आणि पुढची भेग नेमकी सांध्याच्या वर, बहुधा नावावरून जाते. जुन्या दगडाला चुन्याचा मसाला लागतो, आणि ते काम दगडाची दुरुस्ती जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावं. श्रमदानाच्या दिवशी खरं तर एवढंच करा: नकाशा, फोटो, वाचन. तो दिवसही कमीच पडेल.

प्रश्न : नकाशा कसा काढायचा? फोनवरचं स्थान पुरेसं नाही का?

फोनचं स्थान उघड्यावर चार-पाच मीटरनी चुकू शकतं, आणि दोन थडग्यांत अंतर मीटरभराचं असतं. टेप लागेलच. शाळेच्या इमारतीचा एक कोपरा आणि न हलणारी दुसरी एखादी खूण यांच्यात दोरी ताणा. तीच आधाररेषा, आणि त्यामुळे शाळा आणि दफनभूमी एकाच कागदावर येतात. प्रत्येक दगडासाठी दोन आकडे: दोरीवर किती मीटर, आणि दोरीपासून काटकोनात किती. काटकोन तीन, चार आणि पाच मीटरच्या त्रिकोणाने पक्का करा. ओळीला अक्षर, दगडाला आकडा. हाच क्रमांक फोटोच्या नावात आणि वहीत.

कोरलेला दगड नसलेली थडगी विसरू नका. सकाळी लवकर, ऊन जमिनीलगत असताना गवतावर नजर टाका. माणसाएवढे लांबट खळगे एका दिशेने, ओळीत दिसतील. डोक्याशी आणि पायाशी ठेवलेले अनघड दगड म्हणजेही थडग्याच्या खुणाच. वाटेत येतो म्हणून असा दगड बाजूला टाकला की त्या माणसाची शेवटची खूण गेली. हातभर लांबीचे खळगे स्वतंत्र मोजा, ती मुलं आहेत. पहारी खुपसून तपासू नका.

प्रश्न : दगडावर जन्मतारीख नाही, मृत्यूची तारीख आणि 'वय ८ वर्षे ५ महिने २० दिवस' एवढंच आहे. हजेरीपटातली जन्मतारीख वेगळी निघते.

आधी वर्षं वजा करा, मग महिने, मग दिवस. समजा मृत्यू १४ मार्च १९०२. आठ वर्षं मागे १४ मार्च १८९४, पाच महिने मागे १४ ऑक्टोबर १८९३, वीस दिवस मागे २४ सप्टेंबर १८९३. महिने कमी-जास्त दिवसांचे असल्याने एक-दोन दिवसांचा फरक धरून चाला. 'वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी' असं कोरलं असेल तर पुरी झालेली वर्षं बेचाळीस, इथे पुष्कळ जण एक वर्षाने चुकतात.

दगडावर शक कोरला असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतची तारीख असेल तर ७९. हिजरी साल असेल तर त्याला ३३ ने भागून आलेला आकडा सालातूनच वजा करा आणि ६२२ मिळवा. १३१९ हिजरीचं १९०१ येतं. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून महिना कोरला असेल तर तोही पाहा.

हजेरीपटातली जन्मतारीख मात्र जपून घ्या. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की अंदाजाने लिहिली जायची. एकाच पानावर आठ-दहा मुलं महिन्याच्या एक तारखेला जन्मलेली दिसली तर ते साल अंदाजे आहे असं समजा. अशा वेळी दगड जास्त विश्वासाचा.

उलट, एक ताळा हजेरीपटच देतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझासारख्या साथीत दगडांवरच्या तारखा काही आठवड्यांत दाटतात. त्याच आठवड्यांचं हजेरीचं पान उघडा. आधी गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात, मग शाळा बंदची नोंद, आणि शाळा पुन्हा उघडल्यावर काही ओळींसमोर कोरी घरं. कोऱ्या घरांची नावं आणि दगडांवरची नावं एका तक्त्यात मांडा. जी हजेरीपटातून गेली आणि दगडावरही नाहीत, त्यांचं काय झालं हे मुलाखतीत विचारायचं.

प्रश्न : हजेरीपटाची पानं ओलीने चिकटली आहेत, काही फाटली आहेत. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घ्यावीत का?

नाही. लॅमिनेशन परत काढता येत नाही, आणि चिकटपट्टीचा गोंद पिवळा होऊन कागद खातो. ओली वही उन्हात न ठेवता वारा खेळत्या सावलीत वाळवा, चिकटलेली पानं ओढू नका. बुरशी दिसत असेल तर तोंडाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने, घराबाहेर झटका. जांभळट लिखाण दिसलं तर विशेष जपा. ते कॉपिंग पेन्सिलचं असतं, पाण्याचा थेंब लागला की पसरतं.

फोटो घेताना वही पूर्ण उलगडून दाबू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धवट उघडी ठेवा. हात धुऊन कोरडे केले की पुरे. हातमोजे घातले तर पान जाणवत नाही आणि फाटतं. मुखपृष्ठ, कोरी पानं, कडेच्या पेन्सिलच्या खुणा, सगळं घ्या. वर्गाचा सामूहिक फोटो काचेला चिकटला असेल तर न सोलता काचेतूनच टिपा. ओळखपरेड करताना फोटोवर ट्रेसिंग कागद ठेवून डोक्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकाला वेगळं विचारा.

इमारतीची दुरुस्ती निघाली तर फळा उतरवण्याआधी आणि उतरवल्यावर त्या भिंतीचे फोटो घ्या. २०१५ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या एका शाळेत नवे फळे बसवताना जुन्यांच्या मागे १९१७ सालचे फळे निघाले. धडे, गणितं, खडूची रंगीत चित्रं, सगळं जसंच्या तसं. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा असतात, त्या रंगवण्याआधी मोजून घ्या.

प्रश्न : हे सगळं सर्वांना पाहता येईल असं ठेवावं का?

दफनभूमीचा नकाशा आणि दगडांचं वाचन जरूर ठेवा. हयात माणसांच्या जन्मतारखा, गुणपत्रकं आणि शिक्षेच्या नोंदी ठेवू नका. मुलाखतीसाठी लेखी परवानगी घ्या आणि तीत तीन पर्याय द्या: नावासह, नाव न देता, किंवा माझ्या पश्चात. सही घेण्याआधी मुद्रण त्यांना एकदा ऐकवा. एखादा भाग गाळायला सांगितला तर गाळा, आणि कुठे गाळलं ते वहीत मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा.